स्वस्त अवजारांची पारख

गेल्या दिवाळीच्या आठपंधरा दिवस आधीची गोष्ट. बेळगावातील आमच्या गल्लीतला एक तरुण संध्याकाळी माझ्याकडे आला. आय.टी.आय.मधून इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम त्याने नुकताच पुरा केला होता, आणि लग्नाच्या मांडवांत दिव्यांच्या माळा चढविण्याची कामे करून पाच हजार रुपये गाठीला बांधले होते. त्या पैशांतून स्वतःच्या हत्यारांची पहिली पिशवी घ्यावी, असा त्याचा मनोदय होता. त्याने मोबाइलच्या पडद्यावर मला एक चित्र दाखविले. काळ्या प्लास्टिकच्या पेटीत १०८ नग ओळीने मांडलेले, मध्यभागी विजेचे ड्रिल, खाली एक भली मोठी किंमत आडवी रेघ मारून खोडलेली आणि तिच्या शेजारी तांबड्या अक्षरांत 'सत्तर टक्के सूट' ही ग्वाही. "काका, घेऊ काय?" एवढेच त्याने विचारले.

प्रश्न लहान होता. पण उत्तर देण्यास मला ती सारी संध्याकाळ लागली. तेच उत्तर आज आपल्यापुढे थोड्या व्यवस्थितपणे मांडावे असा विचार आहे. कारण हा प्रश्न केवळ कारागिराचा नाही. घरात फळी ठोकणारा कारकून, सायकलची साखळी बसविणारा विद्यार्थी, गळक्या नळाचे वायसर बदलणारी गृहिणी, पंपाचे नट आवळणारा शेतकरी, या सर्वांवर केव्हा ना केव्हा हा प्रसंग येतो. इंदूरच्या सियागंजात जा, हैदराबादेकडील रानीगंजात जा किंवा मुंबईच्या नागदेवी गल्लीत जा. एकाच आकाराचे दोन पान्हे शेजारी शेजारी मांडलेले दिसतात, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या चौपट असते. दोन्ही सारखेच चकाकतात. मग चौपट पैसे कशासाठी मोजावयाचे, आणि ते केव्हा मोजणे शहाणपणाचे, केव्हा वेडेपणाचे?

माझा जन्म गेला तो उद्यमबागेतील ओतकामाच्या व यंत्रकामाच्या कारखान्यांत. तेव्हा या बाबतीत जे काही सांगणार आहे ते पुस्तकातले कमी आणि हाताला लागलेले अधिक, हे आरंभीच सांगून ठेवतो.

प्रथम त्या सुटीचा विचार करू. आपल्या देशात आवेष्टित मालावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. ही किंमत म्हणजे केवळ वरची मर्यादा होय. तीहून अधिक घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. वस्तूचे मोल तेवढे आहे असा तिचा अर्थ नव्हे. ज्याला सत्तर टक्के सूट दाखवावयाची आहे त्याने आधी ती मर्यादा हवी तेवढी उंच छापून ठेवली, तर त्याला अडविणारे कोणी नाही. म्हणून खोडलेला आकडा हा विचारात घ्यावयाचाच नाही. उरलेल्या आकड्याकडे पाहावे, आणि या पैशांत मला काय मिळते, एवढेच स्वतःला विचारावे.

नगांच्या संख्येचेही असेच आहे. त्या तरुणाला मी पेटीतील एकेक नग मोजावयास सांगितले. त्यात बोटाच्या पेराएवढी स्क्रू फिरविण्याची टोके एकेक नग म्हणून मोजलेली होती. भिंतीत बसवावयाच्या प्लास्टिकच्या गुट्ट्याही मोजलेल्या होत्या. त्याच्या धंद्यात खरोखर लागतील असे नग १०८ पैकी १४ निघाले. पेटीची किंमत १०८ ने भागली तर माल फुकट मिळतो आहे असे वाटे. १४ ने भागली तेव्हा त्याचा चेहरा थोडा बदलला. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण बाजारात पाऊल टाकताना मनाशी घोकून ठेवण्यासारखी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. एखादे अवजार स्वस्तातले घ्यावे की नाही, हे ठरविण्यासाठी दोनच प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, हे मला किती वेळा लागणार? दुसरा, हे ऐन कामात मोडले तर त्याबरोबर आणखी काय मोडेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पैशांत मिळते. दुसऱ्याचे उत्तर कधी एका नटात मिळते, कधी दिवसभराच्या मजुरीत, आणि कधी माणसाच्या डोळ्यात किंवा बोटात. हे दोन प्रश्न क्रमाने विचारले की निम्म्याहून अधिक गोंधळ आपोआप निवळतो.

पण त्यासाठी स्वस्ताई येते कोठून, हे आधी समजून घेतले पाहिजे. पान्ह्याचे उदाहरण घ्या. चांगला पान्हा घडीव असतो. म्हणजे तापलेल्या पोलादावर यंत्राच्या घणाचे घाव घालून, साच्यात दाबून त्याला आकार दिलेला असतो. त्यानंतर त्याला पाणी द्यावे लागते. पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात विझविले की ते कठीण होते. पण त्याबरोबर काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताच्या आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढावयाचा असतो. कठीणपणा आणि चिवटपणा यांचा हा मेळ जमविण्यास वेळ लागतो, भट्टीचे तापमान सांभाळावे लागते आणि मधूनमधून नग तपासावे लागतात. हे सारे झाल्यावर त्यावर क्रोमियमचा मुलामा चढतो. आता गंमत अशी की, हा मुलामा तेवढा डोळ्यांना दिसतो. पाणी नीट दिले आहे की नाही हे दिसत नाही. ज्याला किंमत उतरवावयाची आहे तो मुलामा कमी करीत नाही. तो भट्टीतला वेळ कमी करतो, तपासणी कमी करतो, हलके पोलाद वापरतो. स्वस्ताईची कात्री बहुधा न दिसणाऱ्या जागी चालते, आणि ग्राहकाची पारख म्हणजे ती जागा हुडकून काढण्याची कला.

'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरे पान्ह्यावर उठविलेली असतात. क्रोमियम आणि व्हॅनेडियम या धातूंचा अल्पसा अंश घातलेले पोलाद चांगल्या पान्ह्यांसाठी वापरतात, हे खरे. परंतु अक्षरे उठविण्यास पोलाद लागत नाही, ठसा लागतो. तेव्हा ती अक्षरे म्हणजे विक्रेत्याचे म्हणणे समजावे, पुरावा समजू नये.

मग पुरावा कसा मिळवावा? दुकानात जाताना खिशात एक नवा बोल्ट ठेवावा. ८ मिलीमीटर जाडीच्या साध्या बोल्टच्या षट्कोनी डोक्याची रुंदी सामान्यतः १३ मिलीमीटर असते. १३ चा पान्हा त्यावर चढवून पाहावा. तो सहज बसला पाहिजे, पण बसल्यावर डुगडुगता कामा नये. जो पान्हा सैल बसतो तो नटाचे कोपरे खातो. आणि कोपरे गेलेला नट काढणे म्हणजे काय यातना असतात, हे गंजलेल्या पंपापुढे उकिडवे बसलेल्या शेतकऱ्यास विचारावे. अशा वेळी पन्नास रुपये वाचविणारा पान्हा एक नट, अर्धा दिवस आणि पिकाचे एक पाणी घेऊन जातो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तो असा.

पक्कड घेताना तिचा जबडा मिटून उजेडासमोर धरावा. धारेच्या दोन्ही कडा पूर्ण लांबीभर एकमेकींना भिडल्या पाहिजेत. मधून उजेडाची फट दिसली तर ती पक्कड तार कापणार नाही, चेपणार आहे. पातळ कागदाचा तुकडा त्या धारेने स्वच्छ कापला जातो का पाहावे. खिळीपाशी दोन्ही पाती आडवी हलवून बघावीत. तेथे खेळ असेल तर वर्षभरात तो दुप्पट होईल. वापरून झिजलेली एक लहान कानस घरी असावी. घेतलेल्या पकडीच्या धारेवरून किंवा पटाशीच्या टोकावरून ती घसरली पाहिजे. पान्ह्याच्या पोटाशी ती थोडीशी चावेल. पण साध्या खिळ्यावर जशी चावते तशी सहज चावू लागली, तर पाणी दिलेले नाही असे समजावे आणि तो नग परत करण्याची मुदत टळून जाऊ देऊ नये.

मोजमापाच्या साधनांची परीक्षा त्याहूनही सोपी आहे आणि तिला एक पैसा पडत नाही. सुताराचा गुण्या घ्या. सरळ कडेच्या फळीवर तो टेकवून एक रेघ ओढा, मग तो उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकच झाल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या, तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. पाणसळीचेही तसेच. ती ओट्यावर ठेवून बुडबुडा कोठे थांबतो ते पाहा, मग तिची दोन टोके उलटसुलट करून त्याच जागी ठेवा. बुडबुडा रेघांमध्ये त्याच ठिकाणी आला पाहिजे. मग ओटा स्वतः वाकडा असला तरी हरकत नाही. या परीक्षेत उतरलेली पाणसळ स्वस्त असो की महाग, ती खरी आहे. येथे किंमत निर्णय देत नाही, परीक्षा देते.

याच संदर्भात एक गैरसमज दूर करतो. मोजपट्टीच्या टोकाचा आकडा थोडा हलतो म्हणून पुष्कळजण ती सदोष समजून परत करतात. वस्तुतः तो हलावा म्हणूनच तसा बसविलेला असतो. बाहेरून माप घेताना आकड्याची जाडी वगळली जावी आणि आतून टेकवून माप घेताना ती धरली जावी, यासाठी तो स्वतःच्या जाडीइतकाच सरकतो. हलणारा आकडा हा दोष नव्हे. जाडीपेक्षा अधिक हलणारा आकडा हा दोष.

यानंतर, डोळे मिटून स्वस्तातले घ्यावे अशा वस्तू कोणत्या? रंगाचे डबे ढवळण्याची कांडी, घमेले, पिशव्या, खिळे ठेवण्याचे डबे, कपड्यांसारखे कागद धरणारे चिमटे, वर्षातून एकदा लागणारा मोठ्या मापाचा पान्हा, या वस्तूंत मोठे भांडवल घालण्याचे कारण नाही. ज्या वस्तूला धार नाही, जिच्यावर भार नाही आणि जी मोडली तर हसण्यावारी नेता येते, ती खुशाल स्वस्तातली घ्यावी. तसेच, एखादे अवजार आपल्याला कितपत लागेल याचा अंदाज नसेल, तर पहिल्यांदा स्वस्तातले घेणे हाच शहाणपणा ठरतो. ते पडून राहिले तर थोडक्यात भागले. ते वापरून वापरून झिजले, तर त्या झिजण्यानेच सिद्ध झाले की हे आपल्या रोजच्या कामाचे आहे. मग दुसऱ्या वेळी चांगले घ्यावे, आणि तोवर त्यात काय चांगले असावयास हवे हेही आपल्याला कळलेले असते.

पण धारेची गोष्ट वेगळी. येथे मी एक नियम सांगेन : मुठीवर वाचवा, धारेवर खर्च करा. लोखंड कापण्याच्या करवतीची चौकट साधी चालेल, पाते चांगले हवे. ३०० मिलीमीटरचे पाते कोणत्याही प्रचलित चौकटीत बसते. चौकट ते ताठ धरते एवढे पुरे. पाते घेताना दातांची संख्या पाहावी. जाड व मऊ धातूला इंचास १८ दात, सामान्य कामाला २४, आणि पातळ पत्र्याला किंवा नळीला ३२. पातळ नळीवर मोठ्या दातांचे पाते चालविले की दात नळीच्या भिंतीत अडकतात आणि तुटतात. मग आपण पात्याला दोष देतो. ड्रिलचेही असेच. भोक पाडते ते बिट. यंत्र केवळ ते फिरविते. साध्या कार्बन पोलादाचे बिट गरम झाले की त्याचे पाणी उतरते आणि धार बसते. हायस्पीड स्टीलचे बिट ती उष्णता सोसते. भिंतीसाठी टोकाला कार्बाइडचा तुकडा जडविलेले बिट लागते. पन्नास नगांची स्वस्त पेटी घेण्यापेक्षा रोज लागणारी पाच मापे चांगल्या प्रतीची घेतली, तर पैसे तेवढेच लागतात आणि काम पुढे सरकते.

विजेच्या हत्यारांत आकड्यांचा मोह फार. बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलचेच पाहा. त्या बॅटरीत लिथियम-आयनचे पाच घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घट ३.६ व्होल्टचा, म्हणून एकूण १८. पूर्ण भरल्याबरोबर प्रत्येक घट चारांच्या थोडा वर चढतो, म्हणून दुसरा कारखानदार त्याच संचावर २० किंवा २१ असे छापतो. येथवर ठीक आहे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. पण काही स्वस्त यंत्रांवर ४८, ८८ असे आकडे दिसतात आणि आत घट तेच पाच असतात. तेव्हा आकड्याने दिपून न जाता घट किती आणि त्यांची अँपिअर-तासांतील क्षमता किती, हे विचारावे. १८ व्होल्टला २ अँपिअर-तासांनी गुणले तर ३६ वॉट-तास. ४ ने गुणले तर ७२. भोके किती पाडता येतील हे या गुणाकारावर ठरते. आणि तारेवर चालणारे यंत्र असेल तर एकच प्रश्न पुरे : याचे कार्बन ब्रश येथे मिळतात काय? वीसतीस रुपयांचे ब्रश मिळत नाहीत म्हणून हजारोंची यंत्रे माळ्यावर पडलेली मी पाहिली आहेत.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मोडले तर काय मोडेल?

१९८६ साली मी उमेदवारी करीत होतो. आमच्या लहानशा कारखान्यात ओतीव नगांच्या कडा घासण्यास हातातला ग्राइंडर वापरीत. त्याच्या चकत्या लवकर संपतात, म्हणून एकदा कोणीतरी हातगाडीवरून स्वस्त चकत्यांची चवड आणली. तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली नव्हती, तारीख नव्हती. हात आत पोहोचत नाही म्हणून ग्राइंडरची जाळी आम्हीच काढून ठेवलेली होती. तेव्हा दोष एकट्या चकतीचा नव्हता, आमचाही होता. माझ्या शेजारी उभा असलेला, माझ्याच वयाचा सोबती काम करीत असताना ती चकती फुटली. आवाज एखादी बशी फरशीवर पडावी तेवढाच झाला. त्याचा डावा डोळा गेला. त्या एका चकतीमागे किती पैसे वाचले होते याचा हिशेब पुढे आमच्यापैकी कोणीच केला नाही. पण ते एका चहाहून अधिक नसावेत.

हे सांगण्याचा हेतू भीती घालण्याचा नाही. हिशेबच मांडावयाचा आहे. १०० मिलीमीटर व्यासाची लहान चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. तिच्या कडेवरचा कण एका मिनिटात जवळजवळ साडेतीन किलोमीटर अंतर कापतो. म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेग. चकती फुटली की तुकडे त्याच वेगाने सुटतात. म्हणून चकतीवर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा ग्राइंडरच्या फेऱ्यांहून कमी असता कामा नये. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असते, ती टळलेली नसावी. कारण चकतीचे कण ज्या राळेने बांधलेले असतात ती काळाने आणि ओलाव्याने दुबळी होते. जाळी जागेवर असावी आणि डोळ्यांवर चश्मा असावा. या चार गोष्टींत काटकसर नाही.

असेच आणखी काही पदार्थ आहेत. गाडी उचलण्याचा जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. कितीही महागाचा असला तरी खाली भक्कम टेकू दिल्यावाचून गाडीखाली शिरू नये, मग स्वस्ताची गोष्टच बोलावयास नको. शिडीवर किती वजन चालेल हे लिहिलेले असावे, पायांना रबर असावे, पायऱ्या हलत नसाव्यात. हातोडीचा दांडा डोक्यात पाचर मारून घट्ट बसलेला असावा आणि लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने धावणाऱ्या असाव्यात. त्या आडव्या असल्या तर दांडा तेथेच तुटतो, आणि सुटलेले डोके कोठे जाईल हे कोणाच्या हाती नसते.

आणि वीज. आमच्या त्या तरुणाचा तर हाच धंदा. पकडीच्या मुठीवर रंगीत प्लास्टिकचे वेष्टन असले की ती विजेपासून राखते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. साधे वेष्टन हाताला मऊ लागावे म्हणून असते. विजेच्या कामासाठी परीक्षा घेऊन तयार केलेल्या पकडीवर एकात एक गुंतलेल्या दोन त्रिकोणांची खूण आणि '१००० व्होल्ट' हा आकडा असतो. खिशात अडकविण्याचा टेस्टर दिसावयास क्षुल्लक. पण त्याच्या आत एक रोधक असतो, आणि त्या रोधकामुळेच २३० व्होल्टचा प्रवाह आपल्या शरीरातून जाताना मिलिअँपिअरच्या अंशाएवढा उरतो आणि दिवा लागतो. तो रोधक निकृष्ट असेल तर टेस्टर आणि उघडी तार यांत फरक राहत नाही. मापकयंत्रावर ते कोणत्या श्रेणीच्या कामासाठी आहे हे छापलेले असते. घरातील वितरणपेटीवर काम करणाऱ्याने 'कॅट ३' श्रेणीचे घ्यावे. अर्थात ठशाची गोष्ट येथेही लागू आहे. खुणा खोट्याही उठविता येतात. म्हणून अशा वस्तू परिचित दुकानातून, पावती घेऊन विकत घ्याव्यात. साधने चांगली असली तरी वीज बंद करून काम करण्याला पर्याय नाही, हे वेगळे सांगावयास नको.

खुणेवरून आठवले. आय.एस.आय.ची खूण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली, तिचे काम १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरोकडे आले; खूण मात्र तीच राहिली. खऱ्या खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली परवान्याचा. तो परवान्याचा क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइलवरील साधनात घालून पडताळता येतो. ज्या मोबाइलवर सूट पाहावयाची त्याच मोबाइलवर ही पडताळणीही दोन मिनिटांत होते; मात्र तिची जाहिरात कोणी करीत नाही.

माल कोठल्या गावचा, यावरून मत बनविण्याची सवय आपल्यांत आहे. पंजाबातील जालंधर व लुधियाना, राजस्थानातील नागौर येथे हातहत्यारे मोठ्या प्रमाणावर होतात. त्याच गावांतून परदेशी पाठविण्यायोग्य मालही निघतो आणि रस्त्यावर किलोने विकला जाणारा मालही निघतो. चीनच्या मालाचेही तेच. गाव किंवा देश हा निकाल देत नाही. तपासणी कोणी किती केली, त्यावर माल ठरतो.

तुटपुंज्या पैशांत चांगले मिळविण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो जुन्या मालाचा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा बंद पडणाऱ्या एखाद्या कारखान्याच्या लिलावात नव्याच्या अर्ध्या किमतीत उत्तम व्हाइस मिळू शकतो. जुन्या वस्तूचा एक मोठा गुण असा की तिचे दोष उघडे पडलेले असतात. बिडाच्या अंगावर वेल्डिंगचा सांधा नाही ना, जबड्याचे दात जागेवर आहेत ना, स्क्रू फिरविताना मोकळा खेळ किती आहे, एवढे पाहावे. ऐरण, व्हाइस, घण, रंधा या वस्तू जुन्या घ्याव्यात. कानस, करवतीचे पाते, चकती आणि बॅटरी या वस्तू जुन्या घेऊ नयेत. कारण त्यांत विकत घेण्याजोगे जे असते ते संपलेले असते. आणि जे वर्षातून दोनदाच लागते ते विकत न घेता भाड्याने आणावे किंवा शेजाऱ्याकडून मागून घ्यावे. मात्र परत करताना ते पुसून, तेलाचा हात फिरवून द्यावे, म्हणजे पुढच्या वेळी मागताना संकोच वाटत नाही.

आता त्या तरुणाचे काय झाले ते सांगून आवरते घेतो. ती १०८ नगांची पेटी त्याने घेतली नाही. पाच हजारांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम दोन त्रिकोणांची पक्कड, दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, मापकयंत्र आणि डोळ्यांचा चश्मा यांवर गेली. करवतीची चौकट साधी आणि पाती चांगली, असे त्याने केले. मोजपट्टी, हातोडी आणि भिंतीत चर पाडण्याची छिन्नी स्वस्तातली घेतली. हातोडीचा दांडा मात्र दुकानात तीनचार उलटसुलट करून पाहून निवडला. पिशवी त्याच्या आईने जुन्या ताडपत्रीची शिवून दिली. ड्रिल घेतलेच नाही. लागेल त्या दिवशी भाड्याने आणावयाचे ठरले. सातशे रुपये शिल्लक राहिले.

गेल्या महिन्यात तो पुन्हा आला. त्याने पिशवीतून ती स्वस्तातली छिन्नी काढून माझ्यापुढे ठेवली. टोक बोथट झाले होते आणि घाव सोसून सोसून डोके अळंब्यासारखे पसरले होते. अशा पसरलेल्या डोक्याचा टवका उडून लागतो, म्हणून ती पुन्हा वापरू नकोस, असे मी त्याला म्हणालो.

"नाही वापरत, काका," तो म्हणाला. "रोज लागते ही. आता चांगली घेतो."

चांगली छिन्नी कोणती, हे त्याने मला विचारले नाही. खिशातली लहान कानस काढून दाखविली आणि तो दुकानाकडे गेला.